झोपेत दात खाताय? नाइट गार्ड काय करतो आणि काय करत नाही

होस्टेलवर किंवा पीजीत राहिला असाल तर हा आवाज कधीतरी ऐकला असेल. रात्रीचे दोन-अडीच, खोलीत अंधार, आणि शेजारच्या कॉटवरून कर्र... कर्र... कुणीतरी खडीसाखर चावत बसलंय असं वाटावं, असा. सकाळी त्या मित्राला विचारलं तर तो म्हणतो, "मी? काहीतरीच काय!" तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच पत्ता नसतो.

याला आपण 'दात खाणं' म्हणतो. डॉक्टर 'ब्रक्सिझम' म्हणतात. प्रौढांमध्ये दर १०० जणांमागे साधारण ८ ते १३ जण झोपेत हे करतात, असं वेगवेगळ्या पाहण्यांमधून दिसतं. म्हणजे तुमच्या वर्गात, ऑफिसात, क्रिकेटच्या टीममध्ये एखाद-दुसरा नक्की असणार. कदाचित तुम्हीच.

आता मोबाइलवर हा विषय एकदा सर्च करून बघा. पुढचे चार दिवस तुम्हाला 'नाइट गार्ड'च्या जाहिराती दिसत राहतील. काही शेकडा रुपयांत चार नग, डबी फुकट, आणि खाली लिहिलेलं: दात खाणं कायमचं बंद! इथेच पहिली गोष्ट स्पष्ट करून टाकू. नाइट गार्ड दात खाणं बंद करत नाही. ते त्याचं कामच नाही.

तुमच्या फोनवरची टेम्पर्ड ग्लास आठवा. ती लावली म्हणून फोन हातातून निसटायचा थांबत नाही. फोन पडतोच, फक्त स्क्रीनऐवजी वरची काच फुटते आणि आपण नवीन लावतो. नाइट गार्ड अगदी हेच करतो. वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये बसतो, रात्रभर स्वतः झिजतो आणि दात वाचवतो. फरक एवढाच की फोनचा डिस्प्ले सर्व्हिस सेंटरला बदलून मिळतो. दाताचं इनॅमल, म्हणजे दातावरचं ते पांढरं कडक आवरण, बदलून मिळत नाही. ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच संपून जातात. त्यामुळे हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरून येते, पण झिजलेलं इनॅमल पुन्हा उगवत नाही. कुठल्याही टूथपेस्टने नाही, कुठल्याही तेलाने नाही.

रात्री जबडा चालतोच का?

आपण समजतो तशी झोप रात्रभर सलग, शांत नसते. मेंदू अधूनमधून काही सेकंदांपुरता जागेपणाच्या काठावर येतो आणि परत खाली जातो. सकाळी आपल्याला यातलं काही आठवत नाही. झोपेतलं दात खाणं बहुतेक वेळा अशाच क्षणी होतं, आणि तेही गाढ नाही, हलक्या झोपेत. क्रम ठरलेला असतो. आधी मेंदूच्या लहरी थोड्या वेगवान होतात, हृदयाचे ठोके वाढतात, आणि मग चावण्याचे स्नायू साधारण सेकंदाला एकदा अशा लयीत आवळायला लागतात. काही सेकंद, आणि पुन्हा शांत.

गंमत म्हणजे जबड्याची ही हालचाल ज्यांना काही त्रास नाही अशा बऱ्याच लोकांमध्येही दिसते, फक्त त्यांचे दात एकमेकांवर घासत नाहीत. म्हणूनच २०१८ मध्ये या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकत्र बसून जी व्याख्या केली, तिच्यात निरोगी माणसाचं झोपेतलं दात खाणं हा 'आजार' धरलेला नाही. ती स्नायूंची हालचाल आहे. काही जणांमध्ये तिचे परिणाम वाईट होतात, काहींमध्ये काहीच होत नाही. त्यामुळे आवाज आला की लगेच घाबरायचं कारण नाही. नुकसान होतंय का, हा खरा प्रश्न.

नुकसान होतं ते जोरामुळे. दिवसभरात जेवण, बोलणं, गिळणं सगळं धरून आपले दात एकमेकांना लागतात ते जेमतेम १५-२० मिनिटं. भाकरी चावताना खडा लागला की क्षणात जबडा उघडतो, कारण मेंदू जागा असतो. झोपेत हा ब्रेक ढिला पडतो. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी १० जणांच्या दातांवर बारीक सेन्सर बसवलेले कडक गार्ड चढवले आणि रात्रीचा जोर मोजला. सर्वांत जास्त नोंद झाली सुमारे ८१ किलोची. म्हणजे एका धडधाकट माणसाचं वजन दाढांवर. बहुतेकांचा रात्रीचा जोर जागेपणीच्या त्यांच्या कमाल जोरापेक्षा कमी होता, पण एका जणाने झोपेत तो ओलांडला. जागेपणी मुद्दाम दात आवळूनही त्याला जेवढं जमलं नव्हतं, तेवढं!

कारणं एक नाही. ताण आहेच, परीक्षा, नोकरीचा पहिला महिना, ईएमआय. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी, सिगारेट, दारू यांचा संबंध दिसतो. घरात आई-वडिलांना असेल तर मुलांना असण्याची शक्यता वाढते. डिप्रेशन किंवा एन्झायटीसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमुळेही (फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालीन, पॅरोक्सेटिन ही त्यातली नावं) काहींना हे सुरू होतं किंवा वाढतं. तुम्ही यातली गोळी घेत असाल तर मनाने बंद करू नका प्लीज. ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना फक्त सांगा, "गोळी सुरू झाल्यापासून जबडा दुखतोय." ते डोस किंवा गोळी बदलू शकतात.

आणि हो, जंत. लहान मूल झोपेत दात खायला लागलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "जंत झालेत, औषध द्या." जंताचं औषध मुलांना वेळच्या वेळी द्यावंच, सरकार १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन त्यासाठीच पाळतं. पण दात खाण्याचं कारण जंतच, याला भक्कम पुरावा नाही. मुलांमध्ये हे खूप जास्त प्रमाणात दिसतं आणि वाढत्या वयात बहुतेकांचं आपोआप कमी होतं. त्यांचे दात पडत-येत असतात, जबडा वाढत असतो, त्यामुळे धाकट्या भावंडाला ऑनलाइन गार्ड मागवून बसवण्याचा उद्योग करू नका.

आपण दात खातो हे कळणार कसं?

खोलीत दुसरं कुणी असेल तर सोपं आहे. एकटे राहत असाल तर शरीर सकाळी चुगली करतं. उठल्या उठल्या कानशिलं ठणकतात, जबडा जड वाटतो, तोंड मोठं उघडताना कानाजवळ दुखतं, आणि दुपारपर्यंत सगळं बरं होतं. गार पाण्याची कळ येते पण कीड कुठेच नसते. फिलिंग एकाच जागी वारंवार तुटतं.

आता फोन काढा. फ्लॅश सुरू करा आणि दुसऱ्या कुणाला मागच्या कॅमेऱ्याने तुमच्या दातांचा फोटो काढायला सांगा, कारण सेल्फी कॅमेऱ्यात जवळचं नीट फोकस होत नाही. एक फोटो दात मिटून समोरून, एक आ करून खालच्या दाढांचा. सुळ्यांची टोकं बघा. सुळा टोकदार असतो, तो पट्टीने आखल्यासारखा सपाट झालाय का? समोरच्या दातांच्या कडा एका रेषेत आल्यात का, किंवा त्यांना बारीक टवके गेलेत का? दाढेच्या चढ-उतारांच्या जागी गुळगुळीत, चकचकीत पट्टे दिसतात का, आणि त्यात मधे पिवळसर ठिपका? तो पिवळसर भाग म्हणजे इनॅमल संपून आतला थर उघडा पडलाय. जिभेच्या कडेला दातांचे ठसे आणि गालाच्या आतून दातांच्या रेषेत पांढरी आडवी रेघ, याही खुणा आहेत, पण त्या एकट्याने काही सिद्ध करत नाहीत.

फोटो डिलीट करू नका. सहा महिन्यांनी तसेच, त्याच कोनातून काढून बाजूला ठेवून बघता येतात, आणि डॉक्टरांना दाखवायलाही फार उपयोगी पडतात. झिजलेला दात एकदा बघून 'हे जुनं आहे की अजून चालू आहे' हे त्यांनाही सांगणं अवघड जातं.

मग झोपेचे आवाज रेकॉर्ड करणाऱ्या ॲप्सचं काय? उशाशी फोन ठेवला की ती रात्रभर ऐकतात आणि सकाळी आवाजांची यादी देतात. कर्रकर्र पकडली गेली तर ठीक, काहीतरी हाती लागलं. पण पकडली गेली नाही म्हणून तुम्ही सुटलात असं नाही. बरेच जण दात घासत नाहीत, नुसते घट्ट आवळतात. त्याला आवाजच नसतो. मायक्रोफोनला जे ऐकूच येत नाही ते ॲप कुठून दाखवणार? स्मार्टवॉचचंही तेच. ते मनगटावरून ठोके आणि हालचाल मोजतं, जबड्याचे स्नायू त्याच्या आवाक्यात नाहीत. पक्की तपासणी म्हणजे झोपेची लॅब: स्नायूंवर, डोक्यावर वायरी, सोबत व्हिडिओ आणि आवाज. ती प्रत्येकाला करायची गरज नसते.

गार्ड घेण्याआधी एक प्रश्न: तुम्ही घोरता का?

हा भाग स्क्रोल करून पुढे जाऊ नका, कारण जाहिरातवाले हे सांगत नाहीत.

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकल्यासारखा होऊन दचकून उठणं, आठ तास झोपूनही दिवसा लेक्चरमध्ये किंवा, त्याहून वाईट, बाइकवर डुलकी लागणं, ही लक्षणं असतील तर प्रश्न दातांपुरता नाही. ती स्लीप ॲप्नियाची लक्षणं असू शकतात, म्हणजे झोपेत श्वासाची वाट वारंवार बंद होणं. दात खाणं आणि ॲप्निया पुष्कळदा एकाच माणसात सापडतात. वरच्या जबड्यावर गार्ड बसवला की तोंडातली जागा थोडी कमी होते, जबडा थोडा फिरतो, आणि काहींचा श्वासाचा त्रास त्याने वाढू शकतो. २००४ मध्ये कॅनडात ॲप्निया असलेल्या १० जणांवर एक छोटा अभ्यास झाला. वरचा गार्ड लावल्यावर त्यातल्या निम्म्यांचे श्वास अडकण्याचे प्रसंग दीडपटीहून जास्त वाढले. अभ्यास फक्त १० जणांचा आहे हे खरं, पण इशारा म्हणून पुरेसा आहे. अशा वेळी आधी कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन झोपेची तपासणी, मग दातांचं बघू.

यातच एक घोळ होतो. ॲप्नियासाठीही तोंडात घालायचं एक साधन असतं, ते खालचा जबडा पुढे ओढून धरतं. दिसायला गार्डसारखंच, काम पूर्ण वेगळं. ऑनलाइन दुकानांत घोरण्याचं, दात खाण्याचं आणि बॉक्सिंगचं गार्ड एकाच रांगेत दिसतात. कधीकधी तर तिन्ही कामं एकच वस्तू करते असाही दावा असतो. अशी वस्तू सरळ सोडून द्या.

मऊ, कडक आणि उकळून चावायचा

गार्डचे ढोबळ तीन प्रकार बाजारात दिसतात.

सर्वांत स्वस्त तो गरम पाण्यात बुडवून मऊ करायचा आणि दातांवर चावून आकार द्यायचा. तो ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा असतो. हे नाव तुम्ही चपलांच्या सोलवर वाचलं असेल, तीच जात. गरम झालं की मऊ, गार झालं की आकार धरतं. कल्पना छान आहे. अडचण अशी की आकार देताना तुम्ही जिथे जोरात चावता तिथे तो पातळ होतो आणि जिथे चावत नाही तिथे जाड राहतो. म्हणजे जिथे संरक्षण जास्त हवं तिथेच कमी. शिवाय तो बोजड असतो, काहींना त्याने मळमळतं, रात्री थुंकला जातो. डॉक्टरांची तारीख मिळेपर्यंत महिनाभर वापरायला माझी हरकत नाही. वर्षानुवर्षं वापरायची ती वस्तू नाही. ब्रेसेस असतील, दात हलत असतील किंवा कवळी असेल तर तेवढाही नको.

दुसरा, डॉक्टरांनी मापाने केलेला मऊ गार्ड. घालायला एकदम आरामदायक. पण मऊ वस्तू तोंडात आली की काही लोकांचा जबडा तिला च्युइंगगमसारखा चावत बसतो. १९८७ मधला याबद्दलचा एक अभ्यास दंतवैद्यांमध्ये अजूनही सांगितला जातो. १० जणांना मऊ आणि कडक दोन्ही गार्ड देऊन रात्रीची स्नायूंची हालचाल मोजली. कडक गार्डने १० पैकी ८ जणांची हालचाल कमी झाली. मऊ गार्डने ५ जणांची उलट वाढली. पुन्हा, माणसं थोडी आहेत. पण ज्यांचा जोर जास्त त्यांना बरेच डॉक्टर कडकच सुचवतात ते यामुळे.

तिसरा कडक, ॲक्रिलिकचा. कवळीचा गुलाबी भाग ज्या प्लास्टिकचा असतो तेच, फक्त पारदर्शक. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, पण टिकतो आणि घासून नीट जुळवता येतो. आतून मऊ, बाहेरून कडक असा दुहेरी प्रकारही मिळतो, ज्यांना नुसता कडक सहन होत नाही त्यांच्यासाठी तो बरा.

फक्त समोरच्या चार दातांवर बसणारे छोटे गार्डही दिसतील. त्यांच्यापासून जरा जपून. ते घातले की मागच्या दाढा एकमेकींना लागतच नाहीत, आणि ज्या दाताला समोरून आधार नाही तो हळूहळू हलायला, वर यायला लागतो. काही महिन्यांनी तोंड मिटलं तरी समोरचे दात जुळत नाहीत अशी वेळ येऊ शकते. इतकी लहान वस्तू झोपेत गिळली जाण्याचा धोका वेगळाच. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक कारणासाठी वापरणं निराळं. आणि दात सरळ करायचे पारदर्शक अलाइनर म्हणजे गार्ड नव्हे. ते जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड असतात. गार्ड साधारण २-३ मिलिमीटरचा असतो.

मापाचा गार्ड बनतो कसा

जुनी पद्धत अजूनही खूप ठिकाणी चालते. एका ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरून तो तुमच्या दातांवर दाबतात. दोन-तीन मिनिटं नाकाने श्वास घेत बसायचं, ओकारी येईल असं वाटतं, पण येत नाही. तो साचा प्लास्टरने भरला की तुमच्या दातांची हुबेहूब प्रतिकृती मिळते. तिच्यावर गरम प्लास्टिकची शीट ठेवून खालून हवा ओढली की मऊ गार्ड तयार, किंवा ॲक्रिलिक थापून कडक.

नवीन पद्धत तुम्हाला जास्त आवडेल. जाड पेनासारखा स्कॅनर तोंडात फिरवतात. तो दातांवर प्रकाश टाकतो आणि सेकंदाला कितीतरी फोटो घेत ते जोडत जातो. फोनमध्ये पॅनोरामा काढताना तुकडे जोडले जातात ना, तसंच, फक्त इथे खोलीसकट. समोरच्या स्क्रीनवर तुमचे दात फिरवून बघता येतात. झिजलेला सुळा टीव्हीएवढा मोठा दिसला की पटतं. त्या थ्रीडी फाइलवर सॉफ्टवेअरमध्ये गार्डचं डिझाइन होतं आणि फाइल प्रिंटरकडे जाते. या प्रिंटरमध्ये द्रव रेझिन असतं. प्रकाश पडेल तिथे ते घट्ट होतं, आणि कागदाच्या जाडीचे किंवा त्याहून पातळ थर एकावर एक रचून गार्ड उभा राहतो. मग अल्कोहोलमध्ये धुऊन, पुन्हा प्रकाशाच्या पेटीत ठेवून पक्का करतात.

तुमच्याकडे किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये रेझिन प्रिंटर असेल तर आत्ताच डोक्यात एक आयडिया आली असेल. नको. साधं रेझिन तोंडात घालण्यासाठी नसतं. नीट पक्कं न झालेलं रेझिन त्वचेला आणि तोंडाच्या आतल्या अस्तराला त्रास देतं, ॲलर्जी देतं. दातांसाठीचं रेझिन वेगळं असतं आणि ते किती धुवायचं, किती वेळ प्रकाशात ठेवायचं याचे नियम काटेकोर असतात.

डिजिटलचा एक खरा फायदा म्हणजे फाइल जपून ठेवली जाते. गार्ड हरवला, कुत्र्याने चावला (त्यांना तो फार आवडतो, लाळेचा वास येतो ना), तर पुन्हा तोंडात काही न घालता दुसरा छापता येतो. मध्ये नवीन फिलिंग किंवा कॅप बसली असेल तर मात्र ती फाइल जुनी झाली.

पण खरं कौशल्य स्कॅनरमध्येही नाही आणि प्रिंटरमध्येही नाही. ते शेवटच्या पंधरा मिनिटांत आहे. गार्ड तोंडात बसवून डॉक्टर दातांमध्ये रंगीत कागदाची पट्टी ठेवतात आणि चावायला सांगतात. पट्टीचे ठिपके गार्डवर उमटतात. एकाच बाजूला गडद ठिपके आले तर सगळा जोर तिकडे जातोय. मग तेवढा भाग घासायचा, पुन्हा पट्टी, पुन्हा घासायचं. सगळ्या दाढांचे ठिपके सारखे येईपर्यंत. मग जबडा डावीकडे-उजवीकडे सरकवायला सांगतात. सरकताना सुळ्यांनी भार घ्यावा आणि दाढा सुट्या व्हाव्यात अशी उंची ठेवतात. पैसे तुम्ही देता ते मुख्यतः याचे. घरपोच माप घेऊन कुरिअरने गार्ड पाठवणाऱ्या सेवा इथेच कमी पडतात: माप बरोबर येईल, पण तुमच्या जबड्यात बसवून बघणारं कुणी नसतं.

मापाच्या गार्डचा खर्च हजारांत जातो, शहर, क्लिनिक आणि प्रकाराप्रमाणे खूप बदलतो. आधी फोन करून विचारा, आणि त्या रकमेत नंतरचं घासून जुळवणं धरलंय का हेही विचारा. बजेट कमी असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत नायरचं दंत महाविद्यालय आहे. तिथे खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. रांग लागते, दोन-तीन खेपा होतात, विद्यार्थी काम करतात पण वरचे प्राध्यापक तपासतात. खर्च जड वाटत असेल तर दुसरी बाजूही बघा. आवळण्याने दाढेला तडा जाऊन रूट कॅनल आणि कॅपपर्यंत प्रकरण गेलं तर बिल गार्डपेक्षा मोठं येतं, आणि कॅपसुद्धा दात खाणाऱ्याच्या तोंडात लवकर फुटते.

पुराव्याबद्दलही खरं ते सांगायला हवं. २००७ मध्ये कॉक्रेन या संस्थेने तोवरचे सगळे चांगले अभ्यास तपासले. गार्डने झोपेतलं दात खाणं बरं होतं असं म्हणायला पुरेसा पुरावा मिळाला नाही. दातांची झीज कमी करायला मात्र त्याचा उपयोग होत असावा, एवढंच त्यांना म्हणता आलं. म्हणजे तीच टेम्पर्ड ग्लास. जबड्याच्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देऊन जोर कमी करतात तेही काही महिनेच टिकतं आणि महाग पडतं. फारच त्रास असलेल्यांसाठी तो पर्याय आहे, पहिली पायरी नाही.

दिवसाचा भाग, जिथे फोन खरंच कामाला येतो

रात्री तुमच्या हातात काही नसतं. दिवसा असतं. कोडिंग करताना, ट्रॅफिकमध्ये, गेम खेळताना, रील एडिट करताना पुष्कळ जण नकळत दात आवळून बसतात. आत्ता हे वाचताना तुमचे दात एकमेकांना टेकलेत का? टेकले असतील तर ती सवय आहे. जेवण आणि गिळणं सोडलं तर दात टेकायची गरजच नसते. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या टाळूला हलकी टेकलेली, ही जबड्याची आरामाची जागा.

यावर इटलीतल्या संशोधकांनी ब्रक्सॲप नावाचं ॲपच बनवलं. ते दिवसभरात अधूनमधून वाजतं आणि विचारतं: या क्षणी जबडा सैल आहे, दात टेकलेत, आवळलेत, घासताय, की दात न टेकवता जबडा ताणलाय? तुम्हाला वेगळं ॲप लागणारही नाही. फोनच्या रिमाइंडरमध्ये दिवसाच्या पाच-सहा वेळा टाका आणि नाव द्या 'दात सुटे'. पहिले दोन दिवस वैताग येतो. तिसऱ्या दिवसापासून रिमाइंडर वाजायच्या आधीच लक्षात यायला लागतं. दिवसाचं कमी झालं की संध्याकाळी जबडा कमी दुखतो. रात्रीचं त्याने थांबेल असं मी म्हणणार नाही. सोबत संध्याकाळी सहानंतरची कॉफी महिनाभर बंद करून बघा. फुकट आहे, आणि झोपही सुधारते.

गार्ड आल्यावर

पहिला आठवडा तोंडात लाळ जास्त सुटते, दात घट्ट धरल्यासारखे वाटतात, सकाळी गार्ड उशीखाली सापडतो. हे चालायचंच. झोपायच्या आधी अर्धा तास अभ्यास करताना किंवा सिरीज बघताना घालून बसलात तर सवय लवकर होते. सकाळी काढल्यावर थोडा वेळ दात नीट जुळत नाहीत असं वाटेल. दहा-पंधरा मिनिटांत जायला हवं. दुपारपर्यंत तसंच राहत असेल, किंवा एखादा दात दुखायला लागला, किंवा जबड्याचं दुखणं वाढलं, तर 'सवय होईल' म्हणत बसू नका. गार्ड घालणं थांबवा आणि डॉक्टरांकडे जुळवून घ्या.

उठल्यावर लगेच साध्या गार पाण्याखाली मऊ ब्रशने धुवा. टूथपेस्ट नको, तिच्यातल्या बारीक कणांनी ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. साबणाचा एक थेंब चालतो. उकळतं पाणी तर अजिबात नको, आकार बिघडतो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला तरी तेच होतं. कवळी साफ करायच्या गोळ्या मेडिकलमध्ये मिळतात, आठवड्यातून एकदा पाण्यात एक टाकून त्यात बुडवून ठेवला की वास जातो. ठेवायची डबी हवा खेळती राहील अशी भोकांची घ्या आणि गार्ड सुकवून मगच बंद करा. टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून ठेवू नका. निम्मे गार्ड असेच केराच्या टोपलीत जात असावेत, असा माझा अंदाज आहे.

दर सहा महिन्यांनी दात दाखवायला जाल तेव्हा गार्ड सोबत न्या. त्याच्यावरचे ओरखडे आणि खड्डे म्हणजे तुमच्या रात्रीची लॉग फाइल आहे. कुठल्या बाजूला जास्त घासलं जातंय, मागच्या वेळेपेक्षा वाढलंय की कमी झालंय, हे डॉक्टरांना त्यावरून दिसतं. तडा गेला असेल, आरपार भोक पडलं असेल किंवा सैल होऊन सुटत असेल तर नवीन करायची वेळ झाली. मधल्या काळात फिलिंग किंवा कॅप करायची असेल तर त्या दिवशीही गार्ड खिशात असू द्या. काम झाल्यावर तिथेच तो बसवून बघता येतो, आणि अडत असेल तर लगेच घासून मिळतो.